पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाटेने दोघे चालले असावेत, पुढच्याचा पाय दगडाला अडखळावा आणि मागच्याने तो दगड चुकवून पाऊल टाकावे, एवढा साधा व्यवहार तीत सांगितला आहे. राजकारणात हाच व्यवहार ‘इतिहासापासून धडा घेणे’ या भारदस्त नावाने ओळखला जातो. तेथे मात्र म्हणीचा पूर्वार्ध जितका वारंवार खरा ठरतो, तितका उत्तरार्ध ठरत नाही. बेळगाव-निपाणीचा मुलूख हे याचे ठळक उदाहरण आहे. या टापूत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, अवघ्या ३४ वर्षांच्या अवधीत, राज्यकर्त्यांना एकाच दगडाची ठेच चार वेळा लागली. आणि आज त्याच भूमीवरून दोन राज्यांत जो वाद चालू आहे, त्यातही तो दगड वाटेतून हललेला नाही. त्या ठेचांची हकीकत सांगावी आणि तिचा बोध परंपरावादी विचाराने कसा घ्यावा याचा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभी ‘परंपरावादी’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे हा शब्द बहुधा शिवीसारखा वापरला जातो. सोवळेओवळे, जुने ते सोने, नव्याचा तिटकारा असे एक चित्र त्याबरोबर मनात उभे राहते. राज्यशास्त्रात या विचाराचा अर्थ निराळा आहे. मानवी समाज हा कोणा एका पिढीने कागदावर आखून उभारलेला नसतो. अनेक पिढ्यांच्या तडजोडींतून, चुकांतून आणि सवयींतून तो घडत आलेला असतो. म्हणून त्यातील एखादी जुनी व्यवस्था काढून टाकण्यापूर्वी तिच्यावर कशाकशाचा भार पडलेला आहे हे पाहावे, असे हा विचार सांगतो. इंग्लंडात एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रान्समधील राज्यक्रांतीवर ग्रंथ लिहून या मताची मांडणी केली. परंतु त्याआधीच, १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविषयी पार्लमेंटात बोलताना आणि पुढे वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यात, हिंदुस्थानासारख्या प्राचीन समाजाचे हक्क व रीतीभाती पायदळी तुडवण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला, हा प्रश्न त्याने लावून धरला होता. तेव्हा हा विचार परका असला तरी त्याच्या जडणघडणीत आपल्या देशाचाही वाटा आहे.

इतिहासाकडे पाहण्याची या विचाराची दृष्टीही वेगळी आहे. इतिहासातून सूत्रे काढावी आणि ती गणितातल्याप्रमाणे पुढच्या प्रसंगाला लावावी, असे अनेकांना वाटते. परंपरावादी माणूस अशा सूत्रांना भितो. १९३८ मध्ये म्युनिक येथे हिटलरला दिलेली सवलत महागात पडली, म्हणून कोणत्याही हुकूमशहापुढे नमते घेऊ नये, असे सूत्र ब्रिटिश मुत्सद्द्यांनी मनात धरले. १९५६ मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण करताच पंतप्रधान ईडन यांना कैरोत दुसरा मुसोलिनी दिसू लागला, आणि त्या भ्रमात त्यांनी फौजा पाठवून ब्रिटनची उरलीसुरली पत घालविली. म्युनिकचा धडा खोटा नव्हता. तो लावण्याचे ठिकाण चुकले. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे प्रसिद्ध करण्यात हयात घालविली, ती आधी कागद पाहावेत आणि मग बोलावे याच जाणिवेने. धडा घ्यायचा तो मोठ्या नावांच्या साम्यावरून घेऊ नये; एकाच भूमीत, एकाच प्रकारच्या माणसांच्या बाबतीत, पुन्हा पुन्हा काय घडले ते बारकाईने पाहून घ्यावा. तसे पाहण्यास हा सीमाभाग फार सोयीचा आहे.

१८१८ च्या एप्रिलात बेळगावचा किल्ला कंपनीच्या फौजेने सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर घेतला. या फौजेचा सेनापती टॉमस मन्रो हा लष्करी गडी असला तरी त्याची हयात महसुली कारभारात गेली होती. त्याच्यापाशी शिपाईबळ थोडे होते. त्याने स्थानिक शिबंदी उभी केली, गावोगावच्या वतनदारांना अभय दिले आणि मुलूख ताब्यात आणला. तिकडे पुण्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पाटील-कुलकर्णी, पंचायत, इनामे आणि वतने ही शक्य तितकी होती तशी राहू द्यावीत, असाच रोख आहे. हे दोघे इंग्रज आपल्या लोकांचे कैवारी होते असे कोणी समजू नये. राज्य त्यांना टिकवायचे होते, आणि अनोळखी देशात राज्य टिकवायचे तर त्या देशातील माणसांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टींना धक्का लावू नये, हे त्यांना अनुभवाने कळले होते. विलायतेत मात्र त्याच सुमारास बेंथॅम आणि मिल यांच्या विचाराचे वारे वाहू लागले होते. प्रत्येक संस्था उपयुक्ततेच्या तराजूत तोलावी, जिचा हिशेब लागत नाही ती काढून टाकावी, असे मानणारे तरुण अधिकारी हळूहळू हिंदुस्थानात येऊ लागले. जुन्या पिढीची सावधगिरी आणि नव्या पिढीची तर्कनिष्ठ घाई यांची गाठ या दक्षिण मराठी मुलखात पडली.

पहिली ठेच कित्तूरची. कित्तूरच्या देसायांनी १८१८ मध्ये इंग्रजांशी सलोखा केला होता आणि त्यांचे संस्थान राखले गेले होते. १८२४ च्या सप्टेंबरात देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, असे कित्तूरकरांचे म्हणणे. धारवाडचा कलेक्टर व पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याला तो दत्तक संशयास्पद वाटला. त्याने खजिन्यावर पहारे बसविले आणि वरिष्ठांच्या निर्णयाची वाट पाहण्याच्या नावाखाली संस्थानचा कारभार आपल्या हाती घेण्याचा घाट घातला. राणी चन्नम्मांनी किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी दरवाजा फोडण्याच्या प्रयत्नात थॅकरे ठार झाला. डिसेंबरच्या आरंभी मोठी फौज आणून इंग्रजांनी कित्तूर घेतले. त्या लढाईत मद्रासचा गव्हर्नर झालेल्या सर टॉमस मन्रोचा पुतण्या जबर जखमी होऊन मरण पावला. योगायोग असा की, देश समजून न घेता सर्व काही आजच बदलू पाहणाऱ्या कारभारावर टीका करणारे आपले प्रसिद्ध टिपण मन्रोने त्याच महिन्याच्या ३१ तारखेला लिहिले.

कित्तूरची जखम तेवढ्यावर भरली नाही. संगोळ्ळी रायण्णा हा शेतसनदी होता, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल ज्याला जमीन लावून दिलेली असे अशा वर्गातला. अशा जमिनी काढून घेण्याचा किंवा त्यांवर धारा वाढविण्याचा सपाटा सुरू झाला, तेव्हा त्याने बंड उभारले आणि बिडी, खानापूर या बाजूच्या सरकारी कचेऱ्यांवर हल्ले केले. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ त्याला फाशी देण्यात आले. रायण्णाचा राग कागदांवर का होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या वर्गाची जमीन शेतात नाहीशी झाली नव्हती; ती दफ्तरात नाहीशी झाली होती.

दुसरी ठेच निपाणीची. निपाणकर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतले आप्पा देसाई, हे मराठेशाहीच्या अखेरच्या काळातले मातबर सरदार. आर्थर वेलस्लीच्या या भागातील मोहिमांत त्यांचे नाव वारंवार येते. त्यांच्यामागे इंग्रजांना मान्य होईल असा औरस वारस राहिला नाही, या कारणाने १८४० च्या आसपास जहागीर खालसा झाली. पुढे निपाणीच्या किल्ल्यात बंडाळी माजली आणि ती मोडण्यासाठी बेळगावच्या छावणीतून फौज पाठवावी लागली. कित्तूर आणि निपाणी यांच्यात जात, भाषा, घराणे, कशाचेच साम्य नव्हते. एक लिंगायत देसाई, दुसरे मराठा सरदार. दत्तकाचा प्रश्न आणि त्यावर दिलेला निर्णय तेवढा एक होता.

तिसरी ठेच गडकऱ्यांची. कोल्हापूर संस्थानच्या सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे गडकरी होते. त्यांना त्याबद्दल जमिनी लावून दिलेल्या होत्या आणि त्या जमिनींची व्यवस्था किल्ल्यांकडेच असे. इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी कारभार नीटनेटका करण्याच्या हेतूने या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. हिशेबाच्या दृष्टीने सुधारणा निर्दोष असेल. परंतु जमीन मामलेदाराकडे गेली म्हणजे उद्या गडही जाणार, हे गडकऱ्यांनी ओळखले. १८४४ मध्ये सामानगडापासून बंड पेटले. बेळगावहून फौजा निघाल्या, कर्नल ओव्हन्स गडकऱ्यांच्या हाती सापडला, बंडाची झळ सावंतवाडीपर्यंत पोचली. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पन्हाळा. मराठी भाषेत ‘गडकऱ्यांचे बंड’ हे शब्द कायमचे राहिले. सरकारी अहवालांत मात्र ती शांतताभंगाची एक घटना ठरली, आणि तशी ठरल्यामुळे तिच्यातून घ्यावयाचा बोध राहून गेला.

चौथी ठेच सर्वांत जबर होती. इनाम जमिनींची चौकशी १८४३ पासून दक्षिण मराठी मुलखात सुरू झाली होती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला धार चढली. इनाम कमिशनचा अधिकारी दारात येऊन विचारी, “सनद दाखवा; सनद नसेल तर अमुक मुदतीची सलग वहिवाट आणि वंशपरंपरा सिद्ध करा.” ज्या मुलखात मोगल, सावनूरकर, हैदर, पेशवे आणि कंपनी यांची राज्ये एकामागून एक आली आणि गेली, तेथे सनदा जळाल्या, हरवल्या, वाळवीने खाल्ल्या, यात नवल काय? शिवाय कित्येक हक्कांची सनद कधी नव्हतीच. गावाला ठाऊक होते एवढाच त्यांचा पुरावा. हजारो इनामांची चौकशी झाली आणि त्यांतील पुष्कळशी सरकारजमा झाली. ज्यांची झाली नाहीत त्यांच्याही उशाशी धाक बसला.

नरगुंदचे भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे यांचे संस्थान लहान, पण घराणे जुने आणि विद्याव्यासंगी. त्यांच्यापाशी संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह होता. पुत्र नसल्याने त्यांनी दत्तकाची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. त्यातच लोकांची हत्यारे काढून घेण्याचा कायदा आला आणि १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडरांनी त्याविरुद्ध हत्यार उपसले. अशा वेळी दक्षिण मराठी मुलखाचा पोलिटिकल एजंट म्हणून चार्ल्स मॅन्सन याची नेमणूक झालेली होती, आणि हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात काम केलेला अधिकारी होता. २९ मे १८५८ च्या रात्री रामदुर्गाजवळ सुरेबान येथे बाबासाहेबांच्या लोकांनी त्याला ठार मारले. चार दिवसांत नरगुंद पडले. १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आले. पोथ्यांच्या त्या संग्रहाचीही वाताहत झाली.

एवढे झाल्यावर मागचा शहाणा झाला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात जुने हक्क, रीतीभाती आणि वडिलोपार्जित जमिनी यांच्याविषयी आदर बाळगण्याचे अभिवचन आले. संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १८६३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनामांची कटकट मिटविण्यात आली. आकाराच्या रुपयामागे चार आणे जुडी द्यावी आणि पुढील चौकशीतून मोकळे व्हावे, असा सरधोपट तोडगा काढला गेला. जे १८१९ मध्ये एल्फिन्स्टनला पुण्यात बसून दिसत होते, ते विलायतेतल्या सरकारला पटण्यासाठी चाळीस वर्षे आणि कित्तूरपासून नरगुंदपर्यंतचे रक्त लागले.

या चारही प्रसंगांत अधिकारी दुष्ट होते असे म्हणता येत नाही. थॅकरे कर्तव्यदक्ष होता, दाजी पंडित व्यवस्थाप्रिय होते, इनाम कमिशनच्या लोकांना सार्वजनिक खजिन्याचा नफा-तोटा दिसत होता. त्यांच्या तर्कात चूक सापडणे कठीण आहे. चूक होती ती पुराव्याच्या कल्पनेत. जे कागदावर सिद्ध होते तेवढेच खरे, आणि जे माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत त्याला कागदाशिवाय किंमत नाही, असे त्यांनी मानले. परंपरावादी विचार याच्या उलट बाजूने सुरुवात करतो. चालत आलेली वहिवाट हाच पहिला पुरावा. ती मोडायची असेल तर मोडणाऱ्याने कारण दाखवावे, पाळणाऱ्याने नव्हे. राजकीय धडा म्हणून कित्तूर-निपाणीच्या इतिहासातून काही उचलायचे असेल तर ते हे आहे.

येथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वहिवाट म्हणजे न्याय असे कसे म्हणावे? या देशात अस्पृश्यतेइतकी जुनी वहिवाट दुसरी कोणती होती? इनामदाराच्या सनदेचे रक्षण करताना त्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाचे काय? हा प्रश्न परक्या पुस्तकातून आलेला नाही. तो याच मातीतून उठला. १९२५ च्या एप्रिलात निपाणी येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ज्या गावात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका सरदार घराण्याच्या वारसाहक्कावरून बंडाळी माजली, त्याच गावात ज्यांना कसलाच वारसा मिळाला नव्हता अशी माणसे आपला हक्क मागण्यास जमली होती. पुढे डॉ. आंबेडकरांनी महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये विधेयक आणले, ते वतन ही प्रतिष्ठा नसून वेठ आहे हे दाखविण्यासाठीच.

या आक्षेपाला परंपरावादी विचाराने द्यावयाचे उत्तर शेजारच्या कोल्हापुरात सापडते. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतन बरखास्त करून तलाठी नेमले, आणि महार वतनाच्या जमिनी रयताव्याने त्या त्या महारांच्या नावे करून दिल्या. ही वतने गडकऱ्यांच्या वतनांहून कमी जुनी नव्हती. विरोध कडवा झाला, वर्तमानपत्रांतून रणे माजली. पण सामानगड पेटला नाही. बदल करणारा राजा त्याच परंपरेच्या गादीवर बसलेला होता, ज्यांचा भार हलका करायचा त्यांची नावे-गावे त्याला ठाऊक होती, आणि महार वतनदाराच्या हातून त्याने नुसती वेठ काढून घेतली नाही, त्याला जमीनही दिली. ज्या राज्याला बदल करण्याचे साधन नाही त्याला टिकून राहण्याचेही साधन नाही, हे बर्कचेही मत होते. तेव्हा वहिवाटीचा मान राखायचा याचा अर्थ ती ज्याच्या पाठीवर उभी आहे त्याला विचारायचे नाही, असा होत नाही. ती वहिवाट ज्यांची आहे, ते सर्वजण तिला आपली म्हणतात काय, हे पाहणे हा त्या विचाराचाच भाग आहे.

आता या कसोटीवर आपल्या काळाकडे पाहू. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. त्यामुळे चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी. बेळगावात १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता; तोच गाव संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिला. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव-निपाणी भागात गोळीबार होऊन माणसे बळी पडली. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ गावे महाराष्ट्राने सोडावीत, असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. पाटसकर यांनी आंध्र-मद्रास वादात मान्य केलेले तत्त्व, म्हणजे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि लोकांची भाषा, येथेही लावावे ही महाराष्ट्राची मागणी राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्यानंतर दोन दशके उलटली तरी निकाल हाती आला नव्हता.

या वादात दोन्ही बाजू इतिहासाचा जो उपयोग करतात, तो पाहिला की इनाम कमिशनची आठवण होते. एक बाजू बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती दाखवते. ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने १२०४ च्या सुमारास बांधली आणि तिच्याशी निगडित लेख कानडी आहेत. दुसरी बाजू आदिलशाही दफ्तरातील मराठी आणि पेशवाईतील कागद पुढे करते. दोन्ही पुरावे खरे आहेत. पण जुन्या दगडांवरून मालकी ठरवायची झाली तर मराठी वाक्य कोरलेले श्रवणबेळगोळ महाराष्ट्रात आणावे लागेल, आणि ज्या विठ्ठलाला संतांनी ‘कानडा’ म्हटले त्याचे पंढरपूर कर्नाटकास द्यावे लागेल. या शिलालेखांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत वॉल्टर एलियट हा एक होता. त्याने या मुलखातील शेकडो लेखांच्या नकला करविल्या. हाच एलियट १८२४ मध्ये थॅकरेचा तरुण सहायक म्हणून कित्तूरच्या किल्ल्यात कैदेत पडला होता. पेशवे दफ्तराची गोष्टही अशीच आहे. ज्या इनामचौकशीने घरे बुडविली, तिच्याच खात्यात ते दफ्तर जपले गेले, आणि त्यातून सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग निवडून छापले. कागद आणि दगड जपावेत, वाचावेत, त्यांच्यापासून ज्ञान घ्यावे. जिवंत माणसांकडून त्यांच्याच घरात राहण्याचा दाखला मागण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये.

या भागातील जिवंत वहिवाट कोणती, हे पाहण्यास ताम्रपटाची गरज पडत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. वाडीरत्नागिरीच्या जोतिबाला बेळगाव-निपाणीकडचे भाविक येतात. निपाणीच्या वेशीला लागून अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीत. आणि निपाणीची मुले तेथे शिकत आली आहेत. बाजारात एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलणारी माणसे आहेत. ज्यांच्या घरात, शाळेत आणि सातबाऱ्यावर मराठी होती, त्यांना एका नोव्हेंबरात सरकारी कचेरीची भाषा अनोळखी झाली. सामानगडाच्या जमिनी मामलेदाराकडे गेल्या तेव्हा गडकऱ्याला जे वाटले, तसेच काहीसे येथे झाले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या, तेव्हा तरी हे साम्य राज्यकर्त्यांच्या ध्यानात यावयास हवे होते.

मराठी श्रोत्यांना येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. जो न्याय आपण बेळगाव-निपाणीसाठी मागतो, तोच अक्कलकोट आणि जत या तालुक्यांतील कानडी बोलणाऱ्या कुटुंबांनाही लागू आहे. त्यांच्या कानडी शाळांना शिक्षक मिळतो की नाही, त्यांचा अर्ज कोणी वाचतो की नाही, यावरून आपल्या मागणीची किंमत ठरणार आहे. वहिवाटीचे तत्त्व सीमेच्या एका बाजूस खरे आणि दुसऱ्या बाजूस खोटे, असे होऊ शकत नाही.

ज्या १९५६ मध्ये रेषा आखली गेली, त्याच वर्षी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे घटनेत आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी आणि त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकारी असावा, असे ती सांगतात. रेषा कोठेही आखली तरी तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच, हे घटना दुरुस्त करणाऱ्यांना कळत होते. त्यांचे ते शहाणपण मन्रो-एल्फिन्स्टनच्या जातीचे होते. सीमा कोणती, हे न्यायालय आणि संसद ठरवतील. त्याला जो वेळ लागेल तो लागेल. शाळेत कोणती भाषा शिकवावी, दुकानावर कोणती पाटी असावी, तहशिलीत कोणता अर्ज घ्यावा, हे मात्र दोन्ही राजधान्यांतून निघणाऱ्या परिपत्रकांनी रोज ठरत असते. असे परिपत्रक काढण्यापूर्वी त्या त्या सचिवाने बेळगाव जिल्ह्याचा १८२४ ते १८५८ एवढ्या वर्षांचा इतिहास एकदा वाचावा. फार मोठा ग्रंथ नको; बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे, तेथे एका दुपारचे ते काम आहे.